न दिलेली मूठमाती

माझ्या आईला मी मूठमाती दिली नाही. तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ती गोष्ट मी मुद्दाम केली. सातव्या वर्षी कसलं आलंय मुद्दाम, असं कुणी म्हणेल. पण त्या वयात माणूस जेवढं मुद्दाम वागतं तेवढं पुढं जन्मात कधी वागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आमचं गाव हुमनाबादच्या बाजूला, दुबलगुंडीच्या बाजाराला चालत तासाभरावर. राज्य निजामाचं. सरकारी कागद उर्दूत, बाजारातली घासाघीस दखनीत आणि देवाचं सगळं कन्नडमध्ये. घरात आम्ही मराठी बोलत असू, तरी आईला अव्वा आणि वडिलांना अप्पा म्हणत असू. आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. आंघोळ घालतात, भस्म लावतात, सजवलेल्या लाकडी चौकटीत बसवून वाजतगाजत शेतात नेतात आणि खड्ड्यात बसवतात. निजवत नाहीत, बसवतात. मांडी घातलेली, डाव्या तळहातावर लिंग. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या सगळ्या वेडेपणाचं मूळ त्या बसण्यात आहे.

अव्वा दिवाळीनंतर तापानं गेली. खड्ड्याचं माप मेलेल्या माणसाच्या पावलावरून घेतात. अप्पांनी तिच्या पावलाला दोरी लावली तेव्हा मी दारात उभी होते. मला वाटलं, तिला नव्या वहाणा करायच्या आहेत. ती अनवाणी फिरते म्हणून आत्या नेहमी बोलत असे, तर अखेर कुणीतरी मनावर घेतलं म्हणून मला बरंच वाटलं.

आमच्या शेताची वरची माती काळी, पावसात पायाला चिकटून वहाण ओढून घेणारी. पण पुरुषभर खणलं की खाली पिवळट माती लागते आणि तिच्यात चुनखडीचे बारीक पांढरे खडे असतात. खड्डा खणताना ही खालची माती शेवटी वर आली आणि ढिगाच्या माथ्यावर बसली. त्यामुळं लोकांनी मूठ भरली ती या पिवळ्या मातीची. माझ्याही हातात आत्यानं तीच दिली. आत्या म्हणजे अप्पांची थोरली विधवा बहीण, आमच्याच घरात असायची.

मंत्र झाले, बेलाची पानं पडली, विभूतीचे गोळे तिच्याभोवती रचून झाले. मग आमचे जंगम, म्हणजे पुरोहित, लोकांकडे वळले. सगळे त्यांना अय्या म्हणत. ते म्हणाले, "पाणी पाण्यात गेलं. वारा वाऱ्यात गेला. आतला इस्तू इझला. ऱ्हायली ती माती. समद्यांची मूठ पडली की ती मातीची झाली. मग ती आपली न्हाई. मग रडायचं न्हाई."

हे ते मोठ्यांना धीर द्यायला सांगत होते. दरवेळी हेच सांगत असतील. पण मी ते एखाद्या अटीसारखं ऐकलं. समद्यांची मूठ पडली की ती मातीची. म्हणजे एक जरी मूठ पडली नाही तर ती आपलीच. इतकी सोपी युक्ती एवढ्या माणसांत कुणाच्याच कशी लक्षात येत नाही, याचं मला नवल वाटलं. आत्यानं माझं मनगट धरून हात खड्ड्यावर नेला आणि म्हणाली, "टाक बाळ." मी हात झटकल्यासारखा केला आणि मूठ तशीच ठेवली. माझ्या मागं रांग होती, रडणं चालू होतं, मला बाजूला केलं. मी मूठ परकराच्या ओच्यात घातली.

संध्याकाळी ताट समोर आलं तेव्हा मी जेवले नाही. उजवा हातच मोकळा नव्हता. आत्याला वाटलं, पोर आईवाचून जेवत नाही. तिनं मला जवळ घेतलं आणि ती खूप रडली. मला तिची कीव आली, कारण मला माहीत असलेली गोष्ट तिला माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी अव्वाच्या इरकली लुगड्याची एक चिंधी मिळवली, त्यात माती बांधली आणि दातांनी ओढून तीन गाठी मारल्या. माझ्या मनगटाएवढी पुरचुंडी झाली. आतल्या खोलीत उतरंडीच्या मागं भिंतीला एक भोक होतं. त्यात ती ठेवली आणि वर शेणाचा गोळा दाबून टाकला.

त्यानंतर मी रोज शेतात जायची. काळ्या रानात तेवढा पिवळा तुकडा लांबून दिसे. मी त्याच्यासमोर मांडी घालून बसे. ती बसलेली, मी बसलेली, मध्ये माती. मी तिला सांगे, अजून बस, मी दिलेली नाही. गावातल्या पोरी मला खेळायला बोलवत आणि मी जात नसे, मग त्यांनीही बोलवणं सोडलं. माझ्याजवळ गुपित होतं, आणि गुपित असलेल्या माणसाला दुसऱ्यांशी बोलायला काही उरत नाही. आता वाटतं, ती युक्ती मला सुचली नसती तर मी चार दिवस रडून मोकळी झाले असते.

येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात असतं. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, म्हणून त्या दिवशी शेत गर्भार आहे असं मानतात आणि त्याचे डोहाळे पुरवतात. कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, शेंगा-भाज्यांची भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, मग आंबील शिंपडत अख्ख्या शेताला फेरी घालायची. मी आत्याला विचारलं, "हे कोण खातंय?"

"माती खाती," आत्या म्हणाली. "गरवार हाय ती. तिला समदं लागतंय."

"आन् अव्वा?"

"अव्वा आता मातीच की, बाळ."

मला हे पटलं नाही, कारण माझ्या मते अव्वा अजून माती झालेलीच नव्हती. मी एक उंडा लपवून नेला आणि तिच्या जागेवर ठेवला. आम्ही जेवून उठेपर्यंत तो नाहीसा झाला होता. मला कोण आनंद झाला. परत येताना शेजाऱ्यांचं कुत्रं जिभल्या चाटत बांधावर बसलेलं दिसलं, पण दोन्ही गोष्टींचा संबंध मी लावला नाही. लावायचा नव्हता.

उन्हाळ्यात अप्पांचं दुसरं लग्न झालं. ती औरादकडची होती. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनीच मोठी असेल. बोलताना मध्येच एखादा तेलुगू शब्द येई आणि आत्या हसली की ती गप्प होई. मला सांगण्यात आलं की हिला चिगव्वा म्हणायचं, म्हणजे धाकटी आई. मी म्हटलं नाही. सावत्र आईच्या गोष्टींत जे जे असतं त्यातलं तिनं काहीच केलं नाही, ही माझी मोठीच पंचाईत होती. तिनं मला मारलं नाही, शिळं वाढलं नाही, काम लावलं नाही. माझे केस विंचरताना ती गुंता आधी हातानं सोडवी, मग फणी लावी. मी पाठ करून बसत असे आणि बोलत नसे. तिला हाक मारायची वेळ आली की मी उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहत असे, म्हणजे हाक मारावी लागू नये. एकाच घरात राहून माणसाला वर्षानुवर्षं हाक न मारणं किती कष्टाचं असतं, हे ज्यानं केलं त्यालाच कळेल.

नवरात्राच्या आधी तिनं घर काढलं. सगळी उतरंड अंगणात आली, भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा झाला. मी त्या दिवशी शेतात होते. परत आले तर आतली खोली पांढरी झालेली, भिंत गुळगुळीत, आणि माझं भोक कुठं होतं ते सुद्धा कळेना. मी अंदाजानं बोट फिरवलं. माती अजून ओली होती आणि बोटाला एकही खळगा लागला नाही. पुरचुंडी आत राहून वर लिंपलं गेलं असेल, अशी आशा मी एक रात्र केली.

दुसऱ्या दिवशी घट बसले. आमच्यात खरं तर याला अय्यांचा विरोध असे. लिंग असताना हे दुसरं कशाला, असं ते म्हणत. पण बायका त्यांचं ऐकून घेत आणि घट बसवत. शेतातली माती परडीत पसरायची, मध्ये पाण्यानं भरलेलं मडकं ठेवायचं, भोवती पाच धान्यं पेरायची आणि नऊ दिवस पाणी घालायचं. मी देवासमोर वाकून पाहिलं. परडीत काळी माती होती, आणि मडक्याच्या पूर्वेच्या अंगाला ओंजळभर जागेत पिवळी माती. तिच्यात चुनखडीचे खडे.

काय म्हणणार? माझी माती घेतली म्हणायचं तर कुठली माती, हे सांगावं लागणार. ते सांगायचं तर मी आईला मूठमाती दिली नाही, हे सगळ्या घरासमोर कबूल करायचं. मी गप्प बसले आणि त्या बाईचा मला इतका राग आला की पुढची कैक वर्षं तो मला पुरला. तिनं न विचारता माझी आई परडीत घालून पेरली होती. एवढंच मला कळत होतं.

नऊ दिवस मी त्या परडीकडं बघत होते. तिसऱ्या दिवशी कोंब आले. पिवळ्या मातीतले आणि काळ्या मातीतले कोंब सारखेच होते, अंधारातल्या धान्याचे असतात तसे फिकट. आठव्या दिवशी ते वीतभर झाले. चिगव्वा रोज पाणी घालताना मला म्हणे, "पोरी, तू घाल की." मी मान हलवून नाही म्हणत असे.

दसऱ्याला घट उठले. घटातलं धान उपटून पुरुषांच्या पटक्यात आणि बायकांच्या केसांत खोवतात. चिगव्वा पहिल्यांदा माझ्याकडं आली. नेमक्या पिवळ्या मातीतली जुडी तिच्या हातात होती, मुळांना खडा लागलेला. तिनं ती माझ्या वेणीत खोवली. मी उपटून काढली आणि गोठ्यात बैलापुढं टाकली. बैलानं ती खाल्ली. चिगव्वा दारातून बघत होती. ती रागावली नाही, आत गेली आणि उरलेली जुडी तिनं अप्पांच्या पटक्यात खोवली. अप्पा तो पटका घालून शिलंगणाला गेले आणि जाताना घटातली माती टोपलीत घेऊन शेतात टाकून आले. अशा रीतीनं माझ्याशिवायच माझी मूठमाती दिली गेली, असं मी समजले.

त्यानंतर मी शेतात जाऊन बसणं सोडलं. अट मोडली होती. अव्वा आता तिथं बसलेली नव्हती. अप्पांनी तिच्या जागेवर नांगर कधी घातला नाही, पण आजूबाजूच्या नांगरटीनं आणि पावसानं पिवळा तुकडा दरवर्षी काळा होत गेला. आत्या गेली. चिगव्वाला मूल झालं नाही. घरात आम्ही तिघं आणि बैल. अप्पा मुळातच कमी बोलणारे. बोलला तर बैलच बोलायचा.

चौदाव्या वर्षी माझं लग्न झालं. सासर मंठाळकडं, कल्याणीच्या पलीकडं. निघताना गाडीत बसले तेव्हा चिगव्वा जुवापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "पोरी, काय पायजे तर माग की."

मी म्हटलं, "काय नगं."

"काय ऱ्हायलंय का तुझं? आठव बरं."

"काय न्हाई ऱ्हायलं."

पुढं मी सणावाराला माहेरी येई, चार दिवस राही, आणि परत निघताना दरवेळी हेच. काय पायजे तर माग की. काय नगं. मला तिचा तो प्रश्न म्हणजे सावत्र आईचा लोकांना दाखवायचा उमाळा वाटे. शेजारणी ऐकत असतच. एकदा मी फणकाऱ्यानं म्हटलंही, "तुमच्याजवळ माझं काय असनार मागाया?" माझ्या आठवणीत मी तिच्याशी बोललेलं एवढं एकच लांब वाक्य आहे. ती हसली. हसताना ती तोंडावर पदर घेत असे. गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत ती उभी होती, हे मला माहीत आहे, कारण मी बघत नाही असं दाखवून बघत होते.

मग ती वाईट वर्षं आली. आमच्या भागात घरं जळाली, माणसं मारली गेली, गावंच्या गावं सरहद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला गेली. आम्हीही गेलो. एका अनोळखी माणसाच्या ओसरीवर मी दोन लेकरं घेऊन अख्खा पावसाळा काढला. अप्पा आणि चिगव्वा गावातच राहिले होते. अप्पांनी निरोप धाडला होता की शेत सोडून जाता येत नाही. त्यानंतर मोटारी बंद झाल्या आणि निरोपही बंद झाले. त्या ओसरीवर संध्याकाळी मला फार एकटं वाटे. नवरा होता, लेकरं होती, तरी वाटे. पायाखालची फरशी दुसऱ्याची होती. मला बोटाला लावायला आपली अशी चिमूटभर माती हवी असे, आणि मग परडी आठवे, आणि राग पुन्हा ताजा होई.

फौजा येऊन निजामाचं राज्य गेलं, रस्ते उघडले, आम्ही परतलो. मंठाळला पोचल्यावर कळलं की चिगव्वा श्रावणातच गेली. तापानं, अव्वासारखीच. निरोप्या गावोगाव फिरून आमचा पत्ता न लागल्यानं परत गेला होता.

मी माहेरी पोचले तेव्हा नवरात्राचे दिवस होते. वाटेवर निम्म्या घरांना कुलपं होती, दोन घरांना छप्परच नव्हतं. आमचं घर उभं होतं. दारात पाऊल टाकलं आणि पाहिलं तर देवासमोर घट बसलेले. अप्पांनी स्वतः बसवले होते. पाणी इतकं घातलं होतं की परडीखाली चिखल झाला होता आणि धान्य निम्मं कुजलं होतं. आमच्यात सुतक पाळत नाहीत, त्यामुळं घट बसायला हरकत नव्हती. पण अप्पांनी जन्मात कधी परडीला हात लावला नव्हता.

"तुमी कामून बसवलात?" मी विचारलं.

"ती बसवायची," अप्पा म्हणाले. "खंड पडू नये मनून."

त्यांनी मला पाणी दिलं. मग कोनाड्यातून एक पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर खाली ठेवली. इरकलीची चिंधी होती. रंग उडाला होता, पण काठ ओळखू येत होता. वर तीन गाठी, दातांनी ओढलेल्या, लहान पोरीनं मारलेल्या, वेड्यावाकड्या. मी ती उलटी केली. बुडाला कापड उसवून पुन्हा पांढऱ्या दोऱ्यानं बारीक शिवलेलं होतं. माझ्या गाठींना कुणी हात लावला नव्हता. पुरचुंडी पहिल्यापेक्षा निम्मी झाली होती.

"त्या साली पोतारा देताना तिला घावली," अप्पा सांगू लागले. "माझ्याकडं आनली. मनली, हे काय हाय? मी दाबून बघितली. चुनखडी लागली हाताला. वरची माती न्हवती ती. मला कळलं."

"काय कळलं?"

"तू त्या दिशी मूठ सोडली न्हाईस, ते मी बघितलं व्हतं."

म्हणजे अप्पांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी जे गुपित सांभाळत शेतात एकटी बसत होते, पोरींशी बोलणं सोडलं होतं, ते माझ्या एकटीचं कधी नव्हतंच. मला हसू यावं की रडू, कळेना.

"मग ती काय मनली?"

"ती मनली, समदी ठिवली तर तिकडली बसून ऱ्हाईल. समदी दिली तर ही हिकडं बसून ऱ्हाईल. अर्धी घटात घालून रानात देऊ. अर्धी हिची हिला ठिवू."

"मग मला कामून दिली न्हाई?" माझा आवाज चढला. "सोळा वर्सं, अप्पा."

"मी मनलं की तिला, देऊन टाक. ती मनली, आपुन हातात दिली तर पोर लाजंल. चोरी धरल्यावानी हुईल तिला. तिनं मागू द्या. मागितली की देते." अप्पांनी घटाकडं बघितलं. "दर बारीला तू निघालीस की ती ही पदरात घेऊन गाडीपाशी येयाची. तू मागत न्हवतीस. मग आनून पुन्यांदा कोनाड्यात ठिवायची."

मला ते सगळे निरोप एकदम आठवले. जुवाजवळचा तिचा हात, पदराचा बोळा. काय पायजे तर माग की. काय ऱ्हायलंय का तुझं, आठव बरं. इतकं स्पष्ट तर कुणी सांगत नाही. तुमच्याजवळ माझं काय असनार, असं मी म्हटलं तेव्हाही ती पुरचुंडी तिच्या पदरात होती आणि ती हसली होती.

मी पुरचुंडी उचलली नाही. अप्पांना म्हटलं, "तुमीच घ्या. चला रानात."

आम्ही दोघं गेलो. पाऊस उघडला होता, वाटेला चिखल होता, दोन्हीकडची रानं पेरणीवाचून पडलेली. आमच्या शेतात अव्वाची जागा कुठली, ते मला आता सांगता आलं नसतं. सगळं काळं झालं होतं. पण चिगव्वाची जागा लांबून दिसली. पिवळी, ओली, पांढरे खडे वर आलेले. अप्पांनी तिला अव्वाच्या शेजारी बसवलं होतं. गावात चार माणसं सुद्धा नव्हती, खड्डा अप्पांनी आणि एका म्हाताऱ्या सालगड्यानं मिळून खणला होता. मूठमाती द्यायला ते दोघंच होते. सांगताना अप्पांना लाज वाटत होती.

मी तिच्यासमोर मांडी घालून बसले, पूर्वी बसायची तशी. काय बोलायचं ते मला माहीत होतं, पण त्याआधी हाक मारावी लागणार होती आणि ती मला येत नव्हती. शेवटी म्हटलं, "चिगव्वा."

अप्पा मागं उभे होते.

"चिगव्वा, माझी माती दे गं."

अप्पांनी वाकून पुरचुंडी माझ्या हातात दिली. तीन गाठी मी दातांनी सोडवल्या. शेवटची फार घट्ट होती, थोडी चिंधी फाटली. सोळा वर्षांत ती माती कोरडी ठणठणीत झाली होती, आत लुगड्याचे दोन लाल धागे अडकले होते. मी ती उजव्या मुठीत घेतली. निम्मीच होती, तरी माझ्या आताच्या मुठीत ती फारच थोडी वाटली. हात तिच्या जागेवर नेला. या वेळी मनगट धरायला कुणी नव्हतं. अव्वाची म्हणून राखलेली ती माती मी चिगव्वाला दिली.

दोन्ही माती पुरुषभर खालच्याच. खाली पडताच माझी ओली झाली, रंग एक झाला, आणि पुढच्या क्षणाला माझी कोणती आणि तिची कोणती हे मला ओळखू येईना. मी बोटानं शोधलं सुद्धा. मग अप्पा म्हणाले, "ऊठ पोरी, घटाला पानी घालायचं ऱ्हायलंय," आणि मी म्हटलं, "आज मी घालते."